शारदाक्का आणि पाण्यावरचा कॉम्प्युटर

शारदाक्का कुठल्याही खोलीत शिरली की आधी उभी राहायची. बसायची नाही, पिशवी खाली ठेवायची नाही, कुणाकडे बघायचीही नाही. एक हात किंचित वर, मान डावीकडे कललेली, आणि ऐकायची. मग म्हणायची, "तो कोपऱ्यातला पंखा कोरडा पडलाय की," किंवा "खालच्या मजल्यावर कुणीतरी मोटर चालू ठेवून गेलंय." एवढं झालं की हसून सगळ्यांची चौकशी करायची.

माझी तिची पहिली भेट अशीच झाली. मी सांगोल्याहून नवीनच सोलापुरात आले होते. चादरी आणि टॉवेल करणाऱ्या एका कारखान्याच्या डिझाइन विभागात मला नोकरी लागली होती. पहिल्या दिवशी घाबरत घाबरत खुर्चीवर बसले तर शेजारच्या टेबलावरची एक सावळी, उंच बाई उठली, कपाटातून शिवणयंत्राच्या तेलाची डबी आणली आणि मला उठवून माझ्या खुर्चीच्या सांध्यात तेल सोडलं. मग म्हणाली, "हां, आता नाव सांग. मघाशी खुर्चीच बोलत होती, तुझं ऐकू आलं नसतं." मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. नाव तिच्या लक्षात राहिलं नाही. त्या दिवसापासून मी तिच्यासाठी 'सांगोला' झाले. "काय गं सांगोला, काय करायलीस?" या हाकेला मी अजूनही ओ देईन.

आम्ही जे करायचो ते थोडं सांगायला हवं. पूर्वी चादरीची नक्षी चौकटींच्या कागदावर एकेक घर रंगवून काढत. मी गेले तेव्हा हे सगळं कॉम्प्युटरवर आलं होतं आणि त्याच्याही पुढे एक नवीनच काम सुरू झालं होतं. गिऱ्हाइकाला माल विणायच्या आधीच तो बघायचा असे. मग शारदाक्का न विणलेली चादर एका नसलेल्या पलंगावर अंथरायची, नसलेल्या खिडकीतून तिच्यावर ऊन पाडायची, चादरीला हलकीशी चुणी घालायची. ते चित्र खऱ्या फोटोसारखं दिसे. पण ते तयार करायला कॉम्प्युटरला तासन्‌तास राबावं लागे, आणि राबताना तो तापे.

शारदाक्काच्या कामाला वेग नव्हता. साहेब कितीही मागे लागले तरी ती आधी कागद घेऊन बसायची. डब्यात भाजी कुठली न्यायची हेसुद्धा ती आदल्या दिवशी ठरवून ठेवत असे. कुणी टोकलं की म्हणायची, "गळायचं ते कागदावर गळू दे की. फरशीवर गळालं तर पुसायचं कुणी?" आम्हाला ते हसण्यासारखं वाटे. पण तिचं काम कधी परत आलं नाही, हेही खरं.

पुढे कारखान्याने डिझाइन विभाग बंद केला आणि कामं बाहेर द्यायला सुरुवात केली. मी दुसऱ्या एका ऑफिसात लागले. शारदाक्काने एक दांडगा कॉम्प्युटर घेतला आणि घरी काम सुरू केलं. आमच्या ऑफिसची चित्रंही तिच्याकडेच जात, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी माझी तिच्याकडे फेरी होई.

तिचं घर शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. घरात तेलुगू बोलत, दाराबाहेर मराठी. पुढे स्वयंपाकघर आणि एक छोटी खोली, मागे मोठी खोली, आणि तिच्यामागे परसू. मोठ्या खोलीला सगळे अजून 'मागाची खोली' म्हणत. तिथे एकेकाळी दोन यंत्रमाग होते. माग विकून कैक वर्षं झाली होती, पण फरशीवरचे तेलाचे काळे डाग तसेच होते. त्या गल्लीतले बाकीचे मागही एकेक करून थांबले होते. आता त्या खोलीत कूलर होता, शारदाक्काचा कॉम्प्युटर होता आणि खिडकीजवळच्या खाटेवर तिचे सासरे, मल्लय्यामामा होते. नवरा, श्रीनिवास, भिवंडीला रंगाच्या कारखान्यात कामाला. महिन्या-दीड महिन्याने यायचा. सासू जाऊन काही वर्षं झालेली. म्हणजे दिवसभर घरात दोघंच, सून आणि सासरा.

मल्लय्यामामांचा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेला. त्या आवाजात माणसं ओठांवरून आणि हातांच्या खुणांवरून बोलत. मामा निवृत्त झाले तेव्हा कान जवळजवळ गेलेले होते. घरात ते एका कडेला बसून राहत. कुणी हसलं की हसत, पण कशाला हसलो ते त्यांना ठाऊक नसे. शेवटी श्रीनिवासने हट्ट धरला आणि त्यांना कानाचं मशीन आणून दिलं.

ते पहिले दिवस शारदाक्का रंगवून सांगायची. मामा जेवायला बसले, पापड मोडला आणि दचकून ताटाकडे बघायला लागले. "हा इतका ओरडतो?" मग त्यांनी सगळ्या घराचा आवाज करून बघितला. नळ सोडला, कडी वाजवली, चप्पल आपटली. आणि एक दिवस सुनेला म्हणाले, "अम्मा, तुझा आवाज असाय होय? मला वाटायचं, बारीक असेल." लग्न होऊन आलेल्या सुनेचा आवाज त्यांनी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा नीट ऐकला होता.

त्यानंतर मामा बोलायला लागले. ती कामाला बसली की हे खाटेवरून सुरू. कुठल्या कारखानदाराने कसं फसवलं, कुठल्या मागाला कसली खोड होती, सासूबाई रंगाच्या हौदात सूत बुडवताना कुणाकुणाला शिव्या घालत. "अवुनु मामय्या, मग?" असा तिने तेलुगूत होकार भरला की मामा पुढच्या गोष्टीवर जात. मी गेले की मलाही बसवून घेत. "तुमच्या सांगोल्याच्या मेंढ्यांची लोकर आमच्याकडं यायची बघ," असं एकदा म्हणाले. खरं होतं की नाही कुणास ठाऊक, पण मला लई बरं वाटलं होतं.

मग कामं वाढली. शारदाक्काने कॉम्प्युटरमध्ये चित्रं लवकर तयार करणारं एक मोठं कार्ड बसवून घेतलं. त्याला तीन पंखे, वर डब्याचे आणखी चार. सोलापूरचा फाल्गुन लागला तसे ते सातही पंखे घोंघावायला लागले. त्या आवाजाची सवय होते. मलाही झाली. तिलाही झाली, आणि हेच नवल.

एका दुपारी वीज गेली. कॉम्प्युटर बंद, कूलर बंद, खोली एकदम गप्प. शारदाक्का म्हणाली, "मामय्या, चहा टाकू?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मामा खिडकीबाहेर बघत बसलेले. तेव्हा तिला खिडकीच्या फळीवर मशीनची डबी दिसली. मशीन आत होतं. तिने खुणेने विचारलं, "का काढलं?" मामा हसले. "काढून ठेवलेलं बरं असतंय. तुझं काम चालू दे अम्मा." ती विचार करायला लागली, मामांनी शेवटची गोष्ट कधी सांगितली होती? आठवेना. दोन महिने तरी झाले असतील.

वीज आल्यावर तिने कॉम्प्युटर सुरू केला, मामा परसात गेले तसं ते मशीन हळूच स्वतःच्या कानात घातलं आणि खाटेवर त्यांच्या जागी बसली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या ऑफिसात आली. आल्यावर उभी राहिली नाही, ऐकलं नाही. सरळ खुर्चीत बसली. "सांगोला," म्हणाली, "नुसता गोंगाट होता गं. वादळात पत्रा थरथरतो तसा. त्यात माणसाचा आवाज कुठून येणार? अख्ख्या गावाच्या खुर्च्यांना तेल घालत फिरले मी, आणि माझ्याच घरात, माझ्याच कॉम्प्युटरचा आवाज मला ऐकू आला नाही." तिचे डोळे कोरडे होते, पण मी तिला इतकं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं.

कानाच्या दवाखान्यात ती विचारून आली. तिथल्या मुलीने मशीनची सेटिंग बदलून दिली आणि सांगितलं, की थोडा फरक पडेल, पण सतत घरघर असली तर मशीन बोलणंही वाढवतं आणि घरघरही. आवाजच कमी करता आला तर बघा.

कॉम्प्युटर स्वयंपाकघरात नेऊन पाहिला. तिथे शेगडी, आणि उन्हाळा. दोन दिवसांत तो आपला आपण बंद पडायला लागला. पंख्यांचा वेग कमी केला, तर अर्ध्या चित्रावर बंद. मामांना पुढच्या खोलीत हलवावं, तर तिथे कूलर नाही, आणि शिवाय ती म्हणाली, "मामय्याला हलवून काय करू? मला आवाज हलवायचाय की."

मग तिने पाण्याचा विचार सुरू केला. मोबाइलवर परदेशी पोरांचे व्हिडिओ बघितले. त्यांच्या कॉम्प्युटरमधून रंगीत पाणी फिरत होतं, आत निळे-जांभळे दिवे लागत होते. तत्त्व साधं होतं. तापणाऱ्या भागांवर तांब्याच्या चपट्या डब्या बसवायच्या, त्यांतून पाणी फिरवायचं, पाणी उष्णता घेऊन बाहेर जाईल. पण बाहेर जाऊन ते पाणी गार कशाने करायचं? त्या पोरांनी तिथे पुन्हा पंखेच लावलेले. "त्यांच्या खिडकीबाहेर बर्फ पडतंय," शारदाक्का म्हणाली. "आपल्याकडं एप्रिलात हवाच तव्यावरची. पंखा पळवावाच लागणार. मग केलं काय आपण?"

तिने जुने चौकटींचे कागद काढले. तांबड्या पेन्सिलीने गरम पाणी, निळ्याने गार. एक कागद झाला, दुसरा झाला. आम्हा दोघींच्या ओळखीचा, स्टेशनजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलेला इर्शाद हे कागद बघून कपाळाला हात लावायचा. "अक्का, पानी? कंप्यूटर में? मैं वारंटी-फिरंटी कुछ नै देता देखो." शारदाक्का शांतपणे म्हणायची, "वारंटी नक्को, तू फक्त सांग, हा सांधा इथून वळेल का?" तो कुरकुरत बघायचा आणि म्हणायचा, "हौ, वळेल. पर मत करो." अशी त्यांची महिनाभर जुगलबंदी चालली.

तिला पहिली कल्पना सुचली ती पिण्याच्या पाण्याच्या टाकीची. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, म्हणून घरोघरी जमिनीखाली टाक्या. भर मे महिन्यातही ते पाणी गार असतं. त्यात तांब्याच्या नळीचं वेटोळं सोडायचं. कॉम्प्युटरमधलं पाणी नळीतल्या नळीत फिरेल, टाकीच्या पाण्याला शिवणारही नाही, पण उष्णता तिथे सोडून येईल. पंखा नकोच. मला ती कल्पना फार आवडली.

मामांनी ती उडवून लावली. त्यांनी कागद पाहिला, निळी रेघ कुठे गेलीय ते बघितलं आणि आवाज चढवला. "प्यायच्या पाण्यात यंत्र? नको. ज्या दिवशी तू ते घालशील त्या दिवसापासून मी शेजारून पाणी आणून पिईन." शारदाक्काने लिहून दाखवलं, खुणा केल्या, मशीन घालायला लावून समजावलं. मामांनी मान हलवली नाही. मी बाजूला घेऊन तिला म्हटलं, "अगं, हे सगळं त्यांच्यासाठीच चाललंय, हे सांगून टाक की." तर ती म्हणाली, "ते सांगितलं तर कॉम्प्युटरच विकायला लावतील. म्हणतील, माझ्या कानासाठी एवढं कशाला. नको. कॉम्प्युटर तापतोय, एवढंच त्यांना माहीत असू दे." आणि टाकीच्या कागदावर तिने काट मारली. त्या माणसासाठीच मांडलेला डाव त्याच माणसाने मोडला होता, पण ती चिडली नाही. "बरोबर हाय त्यांचं," म्हणाली. "उद्या सांधा सुटला तर?"

पंधरा-वीस दिवस काहीच झालं नाही. पंखे घोंघावत राहिले, मशीन डबीत राहिलं. मग एका सकाळी ती पाणी भरत असताना मामा परसात गेले आणि तिथल्या कोपऱ्यातल्या हौदातली लाकडं, जुने डबे बाहेर काढायला लागले. हा सिमेंटचा हौद सासूबाईंच्या वेळचा. त्यात सूत रंगवत. त्या गेल्यापासून तो कुणी वापरात आणला नव्हता. मामांनीच आणू दिला नव्हता. शारदाक्का धावली. मामा तिला म्हणाले, "तुझं यंत्र हितं ठेव. हिला चालेल." 'हिला' म्हणजे कुणाला, ते तिने विचारलं नाही.

हौदात गल्लीतल्या बोअरचं खारं पाणी भरलं. ते पिण्याच्या कामाचं नव्हतंच, त्यामुळे शेजाऱ्यांनाही बोलायला जागा राहिली नाही. मामांनी वर बांबू टाकून गोणपाटाची सावली केली. सोलापूरच्या कोरड्या हवेत उघडं पाणी सावलीत आपोआप गार राहतं, माठातलं राहतं तसं. डास होतील म्हणून शारदाक्काने गप्पी मासे आणून सोडले. एसी दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याच्या नळीचं वेटोळं आलं. फिरवायचं पाणी म्हणून बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आलं. भिंतीला दोन भोकं पडली. पंप छोटासाच होता, पण त्याचीही घुणघुण तिला खपेना. तो तिने हौदाच्या कडेला पेटीत ठेवला, खाली नमुन्याच्या टॉवेलांच्या चार घड्या घालून.

चाचणीच्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी घेतली. कॉम्प्युटरची वीज काढून फक्त पंप चालू करायचा आणि दिवसभर सांधे बघायचे, असं ठरलं होतं. प्रत्येक सांध्याखाली तिने पांढरा टिपकागद ठेवला. पंप सुरू झाला, नळ्यांतून पाणी सरकताना दिसलं, बुडबुडे पळाले. इर्शाद दाराला टेकून उभा. तासाभराने कार्डाखालच्या टिपकागदावर एक ओला ठिपका उमटला. "देखो!" इर्शाद ओरडला. "मैंने बोला था!" शारदाक्काने पंप बंद केला, कागद उचलून उजेडात धरला आणि म्हणाली, "गळालं, ते कागदावरच गळालं की रे." सांधा उघडला तर आतलं रबराचं कडं जरासं तिरकं बसलेलं. तिने ते इर्शादलाच नीट बसवायला लावलं. तो गुडघे टेकून, जीभ दातांत धरून बसवत राहिला. संध्याकाळपर्यंत दुसरा ठिपका आला नाही. जाताना इर्शाद म्हणाला, "अक्का, कल मेरे सामने चालू करना. मेरे बगैर नक्को." वारंटीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघे कॉम्प्युटरसमोर बसलो. मामा खाटेवर, पाठ भिंतीला, डोळे मिटलेले. शारदाक्काने कूलर बंद केला, कारण कॉम्प्युटरची धग आता खोलीत राहणार नव्हती, आणि कॉम्प्युटर सुरू करून सगळ्यात अवघड चित्र कामाला लावलं. आम्ही वाट बघत राहिलो. एक छोटा पंखा अगदी मंद फिरत होता, कान लावला तरच कळेल इतका. बाकी काही नाही. पडद्यावर चित्राची एकेक चौकट भरत होती, आणि परसातला कावळा ऐकू येत होता.

मग आमच्या लक्षात आलं की मामांना यातलं काहीच कळलेलं नाही. मशीन डबीत होतं. शांतता झालीय हे ऐकायलासुद्धा कान लागतात. मी उठणार तेवढ्यात शारदाक्काने माझा हात धरला. डोळ्यांनीच म्हणाली, थांब.

बराच वेळ गेला. मामांनी डोळे उघडले, पाणी प्यायला उठले आणि जाता जाता सवयीने कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला. मागवाले माग तसाच तपासतात, तळहाताने. त्यांचा चेहरा उतरला. "अम्मा, बंद पडलं की हे!" शारदाक्काने मान हलवून पडद्याकडे बोट दाखवलं. एक चौकट भरली, दुसरी भरली. मामांनी पुन्हा हात ठेवला. पडद्याकडे बघितलं. भिंतीतल्या भोकांतून गेलेल्या नळ्यांकडे बघितलं. मग सुनेकडे बघत राहिले. तिने मान खाली घातली.

ते खिडकीपाशी गेले, डबी उघडली आणि मशीन कानात घातलं. थोडा वेळ तसेच उभे राहिले.

"चालू हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"चालू हाय, मामय्या," ती पाठमोरीच म्हणाली.

"सरे, बरं," मामा म्हणाले आणि खाटेवर येऊन बसले. "मग आता सांग. श्रीनिवासचा फोन आला होता परवा, तू एकटीच हसत होतीस. काय म्हणत होता तो?"

इर्शाद उठून परसात गेला आणि मासे बघत बसला.

त्यानंतर वर्षभर मी त्या घरी जात होते, आणि दर वेळी मागाच्या खोलीतून बोलण्याचा आवाज यायचा. मामा बोलत, ती काम करता करता उत्तरं देई, मधेच वाद घाली. मामा तिची चित्रंही बघायला लागले होते आणि रंगांवर टीका करायचे. महिन्याकाठी ते हौदात उतरून नळीवरचा खाऱ्या पाण्याचा पांढरा थर काथ्याने घासून काढत. ते काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. आपल्यासाठी हे केलं, असं ते सुनेला कधी म्हणाले नाहीत, आणि तिनेही कधी विषय काढला नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी मामांचं हृदय दमलं. आठवडाभर दवाखान्यात ठेवलं. तिथे त्यांनी मशीन काढूनच ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता औषधं घरीच घेतली तरी चालतील. श्रीनिवास आला, त्यांना घरी आणलं, थोडे दिवस राहिला आणि पुन्हा कामावर गेला. त्यानंतर पंधरा दिवसांनी मामा गेले. मला कळलं तेव्हा मी गावाकडे होते. पोचले तोवर सगळं आटोपलं होतं.

भेटायला येणारी माणसं म्हणत, "बरं झालं, हाल झाले नाहीत. तसंही बिचाऱ्यांना ऐकू येत नव्हतं." शारदाक्का सगळ्यांना चहा देत होती.

पावसाळ्यानंतर तिने घर भाड्याने दिलं आणि भिवंडीला नवऱ्याकडे जायचं ठरवलं. कॉम्प्युटरला पुन्हा साधे पंखे बसले, नळ्या निघाल्या, मासे शेजारच्यांच्या टाकीत गेले. दुपारच्या गाडीला मी आणि इर्शाद तिला सोडायला स्टेशनवर गेलो. इर्शाद डब्यात सामान लावत होता, आणि आम्ही दोघी फलाटावर उभ्या होतो. इतके दिवस विचारीन म्हणत राहून गेलेलं मी तेव्हा विचारलं. "अक्का, मामा गेले तेव्हा तू जवळ होतीस?"

"खोलीतच होते की," ती म्हणाली. "दुपारची वेळ. मी चित्र लावलं होतं, एका निळ्या चादरीचं. मामय्या पडल्या पडल्या बघत होते. म्हणाले, 'काठ बारीक ठेव, जाड काठ डोळ्यांत घुसतोय.' मी म्हटलं, गिऱ्हाइकाला जाडच पाहिजे. म्हणाले, 'गिऱ्हाइकाला काय कळतंय?' मी हसले. मग काठ बारीक करून बघितला. खरंच बरा दिसत होता. मी न वळताच म्हटलं, 'मामय्या, तुमचं खरं हाय हं.'"

ती गाडीकडे बघत राहिली.

"मग?" मी विचारलं.

"उत्तर आलं नाही," शारदाक्का म्हणाली. "तेवढ्यावरूनच कळलं गं. पूर्वी किती वर्षं मी त्या खोलीत काहीही बोलले तरी उत्तर यायचं नाही. तेव्हा असं झालं असतं ना सांगोला, तर मला कळलंसुद्धा नसतं."

इर्शादने दारातून हाक मारली. ती डब्यात चढली, खिडकीशी येऊन बसली आणि गाडी हलेपर्यंत माझा हात धरून राहिली.